मोजदाद आणि गायरी : आपल्या दिंडीची दुसरी सेवा



शताब्दी अंकात कोणी काय लिहायचं याची वाटणी झाली तेव्हा चालींवर लिहायला बुवा तयार होते, फडाच्या परंपरेवर लिहायला महाराज तयार होते, जुने फोटो जमवायला मुंबईकर मंडळी तयार होती. वादळ आणि कचरा हे दोन विषय मागे राहिले. ते आम्हा तिघाचौघांकडे आले, कारण दिंडीची वही आमच्याकडे असते. सभेत कोणीतरी हसून म्हणालंसुद्धा, "हरिनामाच्या अंकात कचरो कित्याक?" रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपल्यालाही पंधरा वर्षांपूर्वी असंच वाटलं असतं.

पहिल्या वहीची सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली आहेत. जी उरली त्यांत अभंग नाहीत, प्रवचनाचे मुद्दे नाहीत. मोजदाद आहे. मुक्कामाचं गाव, त्यापुढे पुरुष किती, बाया किती, पोरं किती, आजारी कोण, मागे राहिलेलं कोण. दर मुक्कामाला ही मोजणी. पखवाज खाली ठेवायच्या आधी चोपदाराने माणसं मोजायची आणि विणेकऱ्याला सांगायची, मगच हरिपाठाला उभं राहायचं, असा दंडक होता. विणा एका माणसाने दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याशिवाय खाली येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे; माणसांचा आकडाही तसाच हातातून हातात जायचा.

हा दंडक कशातून आला हे समजायला ते दिवस डोळ्यासमोर आणावे लागतात. आषाढीला आपल्याकडे लावणीची घाई. तरवा काढायचा की पंढरीला जायचं? म्हणून कोकणची माणसं पूर्वीपासून माघीला जास्त. मालवणहून कणकवली, तिथून फोंड्याचा घाट, वर दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. पुढे मिरजेवरून सांगोला आणि पंढरपूर. मिरज ते पंढरपूर बार्शी लाईटची छोटी गाडी १९२७ साली सुरू झाली. ज्यांचे पाय दुखत ते मिरजेला गाडीत बसत, बाकीचे चालत. घाटात थंडी, वाटेत कॉलऱ्याची भीती. पुढच्या काळात तर यात्रेच्या वेळी लस टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात शिरता येत नसे. घरातून निघालेलं माणूस परत येईल याची खात्री नव्हती, आणि कोण कुठे राहिलं हे घरी सांगायला टेलिफोन नव्हता. ती वही हाच टेलिफोन.

मुंबईच्या गिरण्यांत असलेले आपले लोक बोटीने मालवण बंदरात उतरून दिंडीला मिळत. समुद्राचा प्रवास म्हणजे काय हे १९२७ सालाने दाखवलं. त्या वर्षी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आपल्या महाराजांच्या नावाची बोट बुडाली, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षं होती. मग १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसं घेतली, असं सांगतात. त्या दिवसाची सगळी कमाई पाण्यात गेली. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, गणवेश दिला नव्हता. आपत्तीच्या वेळी सेवा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही आधी ही गोष्ट सांगतो.

आता वहीत जे नाही त्याबद्दल.

घाटाकडे जाताना कणकवली आपल्या वाटेवरच लागते. तिथे १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभा केला. अप्पासाहेबांना कोकणगांधी म्हणत. मैला उचलण्याचं काम एकाच जातीच्या माथी मारलेलं आहे, हे त्यांना सहन होत नसे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचं काम आपल्यालाच द्या अशी मागणी केली. ती नाकारली म्हणून अन्नत्याग केला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपवास केला. पण अप्पासाहेब उपवासावर थांबणारे नव्हते. मैला माणसाने माणसाच्या डोक्यावरून न्यावा लागू नये आणि तो वायाही जाऊ नये, म्हणून त्यांनी 'गोपुरी संडास' तयार केला. दोन खाचा, आळीपाळीने वापरायच्या. वर माती, पातेरा टाकत राहायचं. एक भरली की मिटवायची आणि दुसरी उघडायची. काही महिन्यांनी मिटवलेल्या खाचेत वास नसलेलं काळं खत. त्याला सोनखत म्हणतात. घाण आणि खत यांच्यात फरक फक्त मातीचा आणि वेळेचा आहे, हे आपल्या जिल्ह्याला त्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखवलं.

आपली दिंडी वर्षानुवर्षं त्या गावावरून गेली. गोपुरीत थांबली, पाणी प्यायली, निदान बघून आली, अशी एकही नोंद वहीत नाही. का नाही, हे आम्ही जुन्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं, घाई असे. एका आजोबांनी मात्र सरळ सांगितलं, "बामण असान गू उचलता, तेच्याकडे पाणी कोण पिताला?" शताब्दीच्या अंकात हे छापावं की नाही यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरलं, छापायचं. सगळेच हारतुरे घालायचे तर वही कशाला जपली? १९४७ साली साने गुरुजींनी विठ्ठलाच्या मंदिराचे दरवाजे सर्वांना उघडावेत म्हणून पंढरपुरात उपवास केला, दरवाजे उघडले. मनाचे उंबरठे त्यानंतरही बरीच वर्षं जागच्या जागी होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला आपण गर्दी केली, त्यांचा झाडू मात्र त्यांच्याच हातात राहू दिला.

आपल्याला जाग आली ती कोणा संताच्या उपदेशाने नाही, एका शेतकऱ्याच्या बोलण्याने आली.

सांगोल्याच्या अलीकडे एका डाळिंबाच्या बागेशेजारच्या मोकळ्या रानात आपला मुक्काम असे. मालक माळकरी. दोन वर्षं त्यांनी पाणी दिलं, सरपण दिलं. तिसऱ्या वर्षी दिंडी पोहोचली तर रानाला काटेरी तार. ते स्वतः तारेपलीकडे उभे. आपल्या लोकांनी "माउली, माउली" करून विचारलं तर म्हणाले, "माउली म्हणता, अन् माउलीच्याच रानात घाण करून जाता. तुमी गेल्यावर आठ दिवस माझी लेकरं पत्रावळ्या वेचतात. थर्माकोलच्या. त्या कुजत बी न्हाईत अन् जाळल्या तर धूर डोळ्यात जातो." त्या रात्री दिंडी रस्त्याच्या कडेला झोपली. हरिपाठ झाला, पण नेहमीसारखा आवाज लागला नाही. आमच्यातले दोघे त्या रात्री तिथे होते, त्यांना अजून आठवतं.

परत आल्यावर पहिला ठराव झाला तो थर्माकोल बंद करण्याचा. केळीची पानं आणि पळसाच्या पत्रावळ्या. दुसरा ठराव, दिंडीच्या टेम्पोत दोन पिंपं ठेवायची, एकात ओलं, एकात सुकं. तिसरा, मुक्काम सोडताना खड्डा करून ओलं त्यात पुरायचं, वर वीतभर माती लोटायची आणि मालकाला जागा दाखवूनच निघायचं. ऐकायला सोपं आहे. पण ते करणार कोण, हा प्रश्न आलाच. पहिल्या वर्षी बायकांनीच केलं, कारण घरीदारी त्याच करतात. दुसऱ्या वर्षी एका वहिनींनी भर सभेत विचारलं, "टाळ वाजवतत ते हात खड्डो मारूक जातत की नाय?" तेव्हापासून टाळकऱ्यांची पाळी लावली. वहीत मोजदादीच्या खाली नवीन ओळ आली, 'खड्डा कोणी'.

गावातली गोष्ट त्याहून अवघड होती. देवळातलं निर्माल्य आपण खाडीत सोडायचो. सप्ताहातल्या जेवणावळीचं उरलंसुरलं कुंपणापलीकडे. त्याच सुमारास वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेची चर्चा जिल्हाभर चालू होती. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घराघरात कचरा वेगळा करून द्यायची सवय लागली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, सुका निवडून विक्रीला, आणि जिथे कचरा डेपो होता तिथे लोक सहलीला जाऊ लागले. आपलेही पंधरा-वीस जण बघून आले. येताना सगळे एकच गोष्ट बोलत होते, वास नव्हता. २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता पाहणीत सपाट भागातल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग देशात पहिला आला. छाती फुगली, खोटं कशाला बोला. पण पाहणीत नंबर आला म्हणून आपल्या देवळामागचा ढीग काही हलला नव्हता.

तिथे आपण नाडेपचं टाकं बांधलं. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, सरकारी योजनेचं इंग्रजी नाव असेल. तसं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाची ही अक्षरं. आपल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याला हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "नावात पंढरी आसा, बांधा." दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं. आपण विटांऐवजी चिरे वापरले, दोन चिऱ्यांमध्ये फट ठेवली. एका टाक्याला सुमारे दीड हजार किलो पालापाचोळा लागतो, शेण मात्र शंभर किलोच पुरतं, बाकी माती आणि पाणी. गावात गुरं उरली आहेत किती? म्हणून ही पद्धत आपल्याला बरी वाटली. तीन-चार महिन्यांत खत होतं असं पुस्तकात आहे. आपलं पहिलं टाकं जूनमध्ये भरलं आणि सगळं खत पावसात धुऊन गेलं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, पुसदला एवढा नाही. दुसऱ्या वर्षी वर चुडतांचं छप्पर केलं, मग जमलं.

टाकं आहे, पाळ्या आहेत, वही आहे, तेव्हा आपण तयार आहोत असं आम्हाला वाटू लागलं. ते किती पोकळ होतं हे २०१९ च्या दिवाळीत कळलं. क्यार वादळ किनाऱ्याला न लागता समुद्रातून गेलं, पण भरतीचं पाणी किनारपट्टीवरच्या घरांत शिरलं, कापणीला आलेलं भात आडवं झालं. आपल्या खालच्या वाडीतही खाडीचं पाणी आलं. सगळे धावले. कोणी होड्या ओढल्या, कोणी भाताचे भारे वर आणले, कोणी देवळातलं सामान हलवलं. माणसं मोजायची मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. मांगरात एकटी राहणारी एक आजी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, कमरेएवढ्या पाण्यातून माळ्यावर चढून बसलेली. तिला वाटलं होतं कोणीतरी येईल. ती शुद्धीवर होती, बोललीही, पण त्या थंडीने तिला छातीत जे धरलं ते सुटलं नाही. महिन्याभरात ती गेली. तिने आयुष्यात सतरा वाऱ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक वारीत प्रत्येक मुक्कामाला आपण तिला मोजलं होतं. गावात मोजलं नाही.

तिच्या दहाव्याला नदीवरून येताना विणेकरीबुवा एवढंच म्हणाले, "आदी माणसां मोजूची, मगे कौलां." पुढचं सगळं त्या वाक्यातून निघालं.

दिंडी वाटेवर जशी बांधलेली असते तशी गावात बांधायची. दर वाडीला एक चोपदार. त्याच्याकडे त्या वाडीची यादी. एकटं राहणारं कोण, अंथरुणावर कोण, गरोदर कोण, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाची मुलं मुंबईत. वादळाची सूचना आली की चोपदाराने घराघरात जायचं, फोन करून भागवायचं नाही. आकडा देवळात यायचा, तिथे वही घेऊन दोन माणसं बसलेली. स्वयंपाकाची मंडळी ठरलेली. सप्ताहाला पाचशे पान उठवणाऱ्यांना दोनशे माणसांची पेज शिजवणं कठीण नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या ओढणारे वेगळे आणि माणसं हलवणारे वेगळे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर प्रत्येक घराच्या आतल्या दारावर तेलाच्या रंगाने लिहिले. कागद चिकटवला तर पहिल्याच पावसात गळतो.

हे जमेपर्यंत २०२० उजाडलं आणि महामारी आली. त्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, २०२१ च्या माघीला मंदिर बंद. आपली दिंडी घाट चढली नाही. चोपदारांच्या याद्यांत एक रकाना वाढला, 'घरात विलगीकरण'.

आणि १५ मे २०२१ ला तौक्तेची सूचना आली. शनिवारी संध्याकाळी खालच्या वाडीतली माणसं शाळेत हलवली. आजार असलेल्या घरांना वेगळा वर्ग, वेगळं पाणी, पेजेचं भांडं दाराशी ठेवून यायचं. काहीजण यायला तयार नव्हते; वादळापेक्षा शाळेतल्या खोकल्याची त्यांना जास्त भीती, आणि ती चुकीची होती असं आम्ही म्हणणार नाही. त्यांना वरच्या वाडीतल्या नातेवाइकांच्या पडवीत झोपवलं. रात्री साडेअकराला आकडा जुळला. दोन माणसं कमी होती, ती सापडेपर्यंत बुवा झोपले नाहीत. एक जण गोठ्यात म्हशीजवळ बसलेला, दुसरा कोणालाही न सांगता सासरवाडीला गेलेला.

रविवारी सोळा तारखेला वाऱ्याने जे केलं ते मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळ्यांनीच पाहिलं आहे. देवगडला बंदरातल्या नौका तुटल्या, खलाशी गेले. आपल्या गावात कौलं पत्त्यांसारखी उडाली, विजेचे खांब वाकले, शंभर वर्षांचे आंबे मुळासकट आडवे झाले. पण सोमवारी सकाळी वहीतला आकडा आदल्या रात्रीचाच होता. आम्ही तो पुन्हापुन्हा मोजला.

त्यानंतरचे दिवस आम्हाला जास्त आठवतात. वीज नाही, पंप नाही, म्हणून विहिरीवर राहाट बसवला. फोन बंद, म्हणून निरोप्या मुलं ठेवली. पाणंदी झाडांनी बुजलेल्या. करवत आणि परसूने वाट मोकळी करायला चार दिवस लागले. लाकूड कापायचं यंत्र गावात एकच, तेही भाड्याचं, आणि त्याच्यासाठी तीन गावं रांगेत.

वाट मोकळी झाल्यावर दिसलं की गावभर ढीग पडले आहेत. आंब्याच्या फांद्या, काजूचा पाला, चुडतं, फणस, आणि शेवटच्या काढणीचा सडलेला हापूस. माशा घोंगावत होत्या. पाऊस वीस दिवसांवर. सगळ्यांचा पहिला विचार एकच, पेटवा. तसे पेटलेही पुष्कळ ढीग. ओला पाला जळत नाही, नुसता धुमसतो. आणि घराघरात खोकणारी माणसं. तेव्हा खालच्या वाडीच्या चोपदाराने देवळात येऊन सांगितलं, वादळातून वाचवलेली माणसं धुराने मारायची काय? त्या दिवशी दिंडीने जाळणं थांबवायचं ठरवलं.

विरोध झाला, आणि तो वेडा नव्हता. शेतकरी म्हणाले, भाजावळीला पाला लागतो, तरव्याची जमीन भाजली नाही तर रोप येत नाही. म्हणून ज्याला भाजावळ करायची त्याला सुका पातेरा आधी दिला. दुसरी हरकत माडवाल्यांची. ते म्हणाले, कुजणाऱ्या ढिगात आणि पडलेल्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच भुंगा उभ्या माडाचा कोंब खातो. तुम्ही खत कराल आणि आमचे उरलेले माड मराल. हे अगदी खरं आहे. आम्हाला ते आधी सुचलं नव्हतं. कृषी खात्याच्या माणसांना विचारून उपाय ठरला. माडाची खोडं ढिगात घालायची नाहीत, फोडून सुकवून सरपणाला काढायची. गायरी महिन्या-दीड महिन्याने उकरून अळ्या वेचायच्या. भुंग्याच्या अळीला मारणारी हिरवी बुरशी मिळते ती शेणकाल्यातून शिंपडायची. अळ्या वेचायचं काम शाळेतल्या पोरांनी आनंदाने केलं, कोंबड्यांनी त्याहून आनंदाने.

पाच वाड्यांत पाच मोठ्या गायरी झाल्या. बारीक पाला, सडका आंबा, फणसाची चारखंडं, वर शेणकाला, वर माती, पुन्हा तसाच थर. आंब्याने ढीग इतका तापला की आत हात घातला तर चटका बसे. एका गायरीत पाणी साचून ती नासली, वासाने शेजारी भांडायला आले, ती पुन्हा उपसून सुका पाला घालून भरावी लागली. गणपतीनंतर चार गायरींचं खत निघालं. ते पडलेल्या झाडांच्या जागी लावलेल्या कलमांना आधी दिलं.

पुढच्या सभेत पैशाचा वाद झाला. शताब्दीसाठी विण्याला चांदीचं काम करायचं म्हणून काही वर्षं वर्गणी जमत होती. तरुण मंडळी म्हणाली, त्यातून लाकूड कापायची दोन यंत्रं, दोर, बॅटऱ्या आणि जीवरक्षक जाकिटं घेऊया. जुनी मंडळी दुखावली. "देवाच्या पैशान करवत?" असा प्रश्न आला. दोन्हीकडची माणसं चांगली, दोन्हीकडे भाव. मतं घेतली नाहीत, कारण दिंडीत मतं घेत नाहीत. तीन महिने तो विषय तसाच राहिला. मग विणेकरीबुवांनीच आपण होऊन सांगितलं की लाकडी विणा चाळीस वर्षं गळ्यात आहे, तिला आता जड करू नका. यंत्रं आली. ज्यांना ते पटलं नव्हतं त्यांतले एकजण आजही सभेला येतात आणि यंत्रांचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. त्यांच्या वर्गणीतून आम्ही देवळाची समई घेतली.

सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, ते आपल्या दोन मुलांनी घेतलं. दोर कसा बांधायचा, बुडालेल्याला कसं उताणं करायचं, छाती कशी दाबायची, हे त्यांनी परत येऊन वाड्यावाड्यांत शिकवलं. एका मुलीलाही जायचं होतं, घरच्यांनी सोडलं नाही. पुढच्या खेपेला ती जाईल, असं तिच्या वडिलांनी सप्ताहात सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. आम्ही ते इथे छापून ठेवतो.

आता दिंडी पुन्हा घाट चढते. पंढरपुरात पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरायचो, आता पासष्ट एकरात. ओल्या-सुक्याची पिंपं सोबत असतात. दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, चोपदार घराघरात जाऊन याद्या नव्या करतात. मेलेल्यांची नावं खोडतात, जन्मलेल्यांची घालतात. हे काम त्यांना कंटाळवाणं वाटतं, आणि ते आहेच.

गेल्या माघीला जाताना टेम्पोत गायरीच्या खताची चार पोती घातली होती. सांगोल्याजवळच्या त्या रानाशी थांबलो. जुने मालक आता नाहीत, त्यांचा मुलगा बाग बघतो. तार अजून आहे, पण तिला आता एक फाटक आहे. पोती पाहून तो आधी हसला. मग मूठभर खत हातात घेऊन त्याने वास घेतला आणि विचारलं, "समुद्राकाठचं हाय म्हणता, मीठ तर न्हाई ना ह्यात?" आम्ही म्हणालो, वरच्या वाडीच्या गायरीतलं आहे, खाडीचं पाणी तिथपर्यंत येत नाही. त्याचा पुरता विश्वास बसला नाही. चारपैकी एकच पोतं त्याने उघडलं, कडेच्या दोन डाळिंबांना घातलं, बाकीची तीन पोती तारेला टेकवून ठेवली आणि म्हणाला, येत्या माघीला या, झाडं बघू, मग सांगतो.